दोन उपवासांमधली पाई

सरदारभाईंनी पाई भट्टीतून बाहेर काढली आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की कणकेत आपण साखर घातली की मीठ, हेच आपल्याला आठवत नाही.

रमजानात दुपारी दोन वाजता बारामतीत भट्टीपुढे उभा असलेला माणूस निम्मा स्वप्नात असतोच, आणि सरदारभाई तर भरल्या पोटीसुद्धा निम्मे स्वप्नातच असत. अठ्ठावीस वर्षं खारी भाजून त्यांना खारीचा वीट आला होता. मोबाईलवर त्यांनी परदेशातली एक बाई रताळ्याची पाई करताना पाहिली. गव्हाच्या पिठाची खुसखुशीत पारी, आत केशरी सारण. तेव्हापासून त्यांना झोपेतही केशरीच दिसू लागलं. चार दिवस खपून आज ती पाई खरी झाली होती. मेहुणा फिरोज लोणी देवकरला एका कारखान्याचं कँटीन चालवायचा. तो चार वाजता येऊन ती साहेबलोकांच्या चहासाठी नेणार होता. साहेबांना आवडली तर दर शनिवारी पाई जाणार आणि सरदारभाई खारीतून सुटणार.

"जरा जिभंला लावून बघा," बायको जमीला म्हणाली. "तेवढ्यानं रोजा मोडत न्हाय."

"माझ्या जिभंचा भरवसा न्हाय. लावली की गिळंल ती."

जमीलाचाही रोजा होता. म्हणजे गिऱ्हाइकालाच चाखायला द्यायला हवं होतं, आणि गिऱ्हाईक तर सकाळपासून फिरकलं नव्हतं. पाव जसेच्या तसे पडून होते. बेकरीवाल्याला पंचांग लागत नाही. पाव उरले की एकादशी.

तेवढ्यात सांगवीचे दत्तोबा रिकामं पोतं न्यायला आले. रताळी त्यांच्याच रानातली होती. सरदारभाईंनी चमचा पुढे केला, तशी त्यांनी पाईची बारकाईनं चौकशी केली. अंडं नव्हतं, आटवलेलं दूध होतं. तूप होतं, गूळ होता.

"रताळं चालतंय," दत्तोबांनी निकाल दिला. "गहू न्हाय. कडंचं नको, मधलं दे."

मधलं खाऊन ते म्हणाले, गोड आहे. पण त्यांची जीभ चाळीस वर्षांच्या तंबाखूनं मेलेली होती आणि सरदारभाईंनी तसं बोलून दाखवलं. दत्तोबांना राग आला. त्यांनी दारात जाऊन, देवळातून परतणाऱ्या शकुबाईला आणि तिच्या भजनी मंडळाला साक्षीला बोलावलं.

मंडळात सात बाया होत्या. सातही जणी उपाशी होत्या. प्रत्येकीनं गव्हाला चमचा न लावता मधलं घेतलं, आणि एकदा खाऊन नीट सांगता येईना म्हणून परत घेतलं.

"भाऊ," शकुबाई म्हणाली, "परसादावानी झालंय बगा."

खारीला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. सरदारभाई डोळे मिटून ऐकत राहिले. भट्टीची ऊब अंगावर येत होती, बांगड्या वाजत होत्या, सगळं केशरी केशरी झालं होतं. डोळे उघडले तेव्हा नुसती पारी उरली होती. बाया हात धुऊन चालू लागल्या होत्या.

आणि मिठाचा घोर तसाच राहिला. सारणात गूळ होता. ती पांढरी मूठ पडली होती ती पारीत, आणि पारी चाखायला एकही तोंड मोकळं नव्हतं.

फिरोज आला आणि पोकळ पाईकडे बघून म्हणाला, "दाजी, ह्यात काय भरायचं ऱ्हायलंय का?" त्याला थांबायला वेळ नव्हता. जमीलानं पारीचे तुकडे करून डब्यात भरले आणि बिस्किटं म्हणून सांगायला बजावलं. एक तुकडा तिनं मागे ठेवला. सरदारभाई पोत्यांवर जाऊन बसले. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी अजान झाली. खजूर, पाणी झालं आणि फिरोजचा फोन आला. साहेबांनी डबा पुसून खाल्ला होता. खारट बिस्कीट चहाबरोबर झकास लागतं म्हणाले, शनिवारी पाच किलो हवं होतं.

म्हणजे मीठच होतं. आणि एवढं करून शेवटी खारीच.

जमीलाला त्यांची फार दया आली. तिनं पातेलं खरवडून निघालेलं सारण त्या तुकड्यावर घातलं आणि बशी पुढे सरकवली.

"ह्ये घ्या. त्या बायांनी नुसतं सारण खाल्लं, सायबांनी नुसती पारी. दोन्ही मिळून खानारं माणूस तुमीच पयलं."

सरदारभाईंनी घास घेतला. डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिले. मग तांब्याभर पाणी प्यायले.

"कशी झालीया?"

"आज एकादशी व्हती," सरदारभाई म्हणाले, "म्हणून लोक वाचले."