आदी सांगून ठिवतो

आमच्या कॉलनीत शनिवारी संध्याकाळी भुताचा सिनेमा लागतो, आणि तो सुरू होण्याआधी गजाकाका पडद्यासमोर उभे राहून सांगतात, की भुताची काळजी करू नका. भूत आहे, ते येणार, आपलं काम करून जाणार. काळजी करायची ती कुत्र्याची. कुत्रं मध्यंतराच्या आधी मरतं, तेव्हा ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी त्या वेळी पाणी प्यायला उठावं. एवढं बोलून झालं की काका दोन्ही हात पाठीमागे बांधतात आणि म्हणतात, "आदी सांगून ठिवतो. मागनं म्हणू नगा, कुनी बोललं न्हाई."

कॉलनी सांगलीत, कुपवाडच्या अंगाला. निम्मे लोक तिथल्या कारखान्यांत कामाला, मीसुद्धा एका वर्कशॉपच्या डिस्पॅचमध्ये. शकीलभाईंचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या क्लासमधून प्रोजेक्टर आणला आणि मंडळाच्या हॉलची एक भिंत पांढरी करून घेतली. पहिल्या शनिवारी संतांवरचा सिनेमा लावला तेव्हा हॉलला कुलूप लावायला आलेले धरून चार-पाच माणसं होती. दुसऱ्या शनिवारी भुताचा लावला, तर खुर्च्या पुरेनात. तेव्हापासून शकीलभाईंनी दुसरा विषयच काढला नाही.

एकदा सिनेमा ऐन रंगात असताना बंद पडला, कारण पेनड्राइव्हमध्ये पुढचा भागच नव्हता. मग ठरलं की आदल्या दिवशी कुणीतरी सगळा सिनेमा बघून ठेवायचा. काका रिटायर झालेले, घरी एकटे, टीव्ही मोठा. पेनड्राइव्ह त्यांच्याकडे गेला. सांगितलं होतं फक्त फाइल पूर्ण आहे का ते बघायला. पण काका मूळचे कुंडलचे आणि उमेदीची वर्षं फौजेत काढलेले, तीही रस्ता तपासणाऱ्या तुकडीत. आपण पुढं जायचं, जमिनीत काय पुरलंय ते बघायचं आणि मागून येणाऱ्यांना सांगायचं, हे त्यांचं काम. माणूस फौजेतून घरी आला, पण काम काही फौजेत राहिलं नाही, तेही घरी आलं.

मी इथे राहायला आले त्या दिवशी सामान टेम्पोतून उतरायच्या आत त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, की तिसरी पायरी हलते, वरच्यांचं बाळ रडतं आणि समोरच्या दुकानातलं दही आंबट असतं. लग्नाच्या पंगतीत ते रस्सा आधी चाखतात आणि ओळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिखटाचा अंदाज देतात. एकदा नवरदेवाकडच्या आचाऱ्याने यावरून पळी खाली ठेवली होती. काकांना त्याचं काही वाटलं नाही. रस्सा तिखटच होता.

सिनेमाच्या बाबतीत मात्र त्यांच्या सांगण्याने फार घोटाळे व्हायचे. एका सिनेमात ते म्हणाले की घाबरट माणसांनी आजीच्या बांगड्यांकडे बघू नये. सगळा हॉल सिनेमाभर आजीच्या बांगड्याच बघत बसला आणि भूत कोण ते पहिल्याच प्रसंगात सगळ्यांना कळलं. शकीलभाई हात जोडून म्हणाले, "काका, तुमी पिच्चर दावायच्या आदीच संपवताय की." काकांचं उत्तर ठरलेलं होतं. सुरुंग कुठं आहे हे सांगितल्यावर चालण्यातली मजा जाते अशी तक्रार फौजेत कुणी केली नव्हती.

पण हे झालं जाहीर सांगणं. त्यांचं खरं सांगणं दुपारी, घरोघरी चालायचं. कुणाच्या घरात काय होऊन गेलंय हे त्यांना ठाऊक असायचं आणि त्याप्रमाणे ते एकेकाला दाराबाहेर उभं राहून सांगायचे, की अमुक वेळी बाहेर जा. कारण देत नसत. ऐकणाऱ्यालाही विचारावं लागत नसे. हॉलच्या बाहेर एक रुंद पायरी आहे. ज्याला नको असेल त्याने त्या पायरीवर जाऊन बसायचं, आणि ते दृश्य संपलं की काका दाराशी येऊन हाक मारायचे. अशी पद्धतच पडून गेली.

यातही एकदा गोंधळ झालाच. कोपऱ्यावरच्या घरी नवी सून आली होती, पूजा. त्या आठवड्याच्या सिनेमात बाळंतपणाचा एक भयंकर प्रसंग होता. काकांनी विचार केला, की नव्या लग्नाची पोर, हिने कशाला हे बघायचं. ते तिच्या सासूला सांगून आले, "सूनबाईला आज धाडू नगा. बाळंतिनीचं हाय." सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेचं त्या दिवशी पोट बिघडलेलं होतं. संध्याकाळपर्यंत निम्म्या कॉलनीत पेढे पोचले होते, मलाही दोन मिळाले. पूजाला कळलं तेव्हा पेढ्यांचा पुडा तिच्याच हातात होता. पुढे काका तिला दिसले की ती रस्ता बदलायची, आणि काका बदललेल्या रस्त्याला जाऊन तिथे खड्डा असल्याचं सांगायचे.

आता विजयावहिनींचं सांगायला हवं. त्या माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात, घरी शिलाईकाम करतात. त्यांचा नवरा कुपवाडहून दुसरी पाळी संपवून येताना मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्या घरून फोन लावत होत्या. फोन वाजत होता, रस्त्यावर, त्याच्या खिशात. बघणाऱ्या कुणीतरी हे त्यांना नंतर सांगितलं, सांगायला नको होतं.

वहिनींना भुताचे सिनेमे पहिल्यापासून आवडायचे. नवरा-बायको दोघं मिळून बघायची. त्यामुळे वर्षभराने त्या पहिल्यांदा घराबाहेर पडल्या त्या आमच्या हॉलमध्येच, मांडीवर कुरमुऱ्यांचा डबा घेऊन. त्या येऊ शकल्या त्या काकांच्या भरवशावर. रस्ता आला, गाडी आली, फोन वाजला, काहीही असलं तरी काका दुपारी सांगून जायचे. बऱ्याच शनिवारी वहिनी त्या पायरीवर बसलेल्या मी बघितल्या आहेत. आतून काकांची हाक आली की डबा उचलून परत यायच्या आणि पुढचं भूत आरामात बघायच्या.

मग तो सिनेमा आला. काकांनी दुपारी वहिनींना सांगितलं होतं, "या तुमी. काय न्हाई यात." मध्यंतरापर्यंत खरंच काही नव्हतं. एक जुनं घर, एक बाप्या, थोडा धूर. मध्यंतरानंतर मात्र एकामागून एक सुरू झालं, आणि मधेच पडद्यावर अंधारा रस्ता आला, उलटी पडलेली मोटरसायकल आली आणि कुठेतरी फोन वाजायला लागला. तो वाजतच राहिला. वहिनी उठल्या. डबा खाली पडला, कुरमुरे सगळीकडे झाले. त्या तोंडाला पदर लावून कुणाकडे न बघता घरी गेल्या. काका पहिल्या रांगेत बसले होते. मी त्यांचा चेहरा पाहिला, तो सिनेमात कुणाचाही पाहिला नव्हता एवढा घाबरलेला होता.

गंमत म्हणजे इतके दिवस काकांच्या बोलण्याला हसणारेच आता चिडले. भिंतीतून हात येतो ते का सांगितलं नाही, लहान मुलगी छताला चालते ते का सांगितलं नाही, असं हॉलबाहेर उभं राहून जो तो विचारत होता. काकांनी आत जाऊन पेनड्राइव्ह काढून आणला. तो शकीलभाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "माज्या शब्दावर ती बाई आली हुती. आता ह्ये काम माज्याकडं नगं."

पुढचे काही शनिवार काका आलेच नाहीत. सिनेमे लागले, पण कुणालाच धड बघता येईना. पडद्यावर शांतता झाली की लोक एकमेकांना विचारत, आता काय होणार. कुत्रं दिसलं की बायका मुलांना घेऊन उठत, आणि ते कुत्रं शेवटपर्यंत जिवंत राही. पूजाची सासूसुद्धा म्हणाली, की काकांना बोलवा. काका दार अर्धं उघडत, बरं नाही म्हणत आणि लावून घेत.

एका रविवारी मी शेंगदाण्याची चटणी द्यायच्या निमित्ताने काकांकडे गेले. चटणी हातात दिली तर दार लावता येत नाही, हा माझा अनुभव आहे. काकांनी आत बसवलं, चहा केला, साखर जास्त पडल्याचं आधी सांगितलं. मी सरळ विचारलं, की काका, तुमच्याकडून हे सुटलं कसं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्या पुरा बगितलाच न्हाई तो. त्यात त्या बाप्याची बायकू मेलेली असती. तरी सैपाकघरातनं हाक मारती. 'आवं, चला, वाढलंय.' आन त्यो गडी 'व्हय, आलो' म्हणून उठतोय. तितंच बंद केला. फुडं काय नसंल म्हटलं. खोटं बोललो मी त्या बाईला."

मला तो प्रसंग आठवेना. हॉलमधल्या कुणालाच आठवला नसता. त्यात भूत नव्हतं, रक्त नव्हतं, नुसता बायकोचा आवाज होता. काकांची बायको, मालनकाकू, जाऊन बरीच वर्षं झाली, मी त्यांना भिंतीवरच्या फोटोतच बघितलंय. काकांना हे सगळे सिनेमे एकट्याने, त्या खोलीत, त्या फोटोखाली बसून बघावे लागत होते, आणि आत काय आहे हे त्यांना आधी कुणी सांगत नव्हतं. मी तसं म्हणाले. काका म्हणाले, "फुडं चालनाऱ्याला कोन सांगनार, ताई?" मला फार वाईट वाटलं. चहा गोड असूनही मी सगळा प्याले.

न सांगता राहवेना म्हणून मी हे विजयावहिनींना सांगितलं. त्या ब्लाउजला हुक लावत होत्या. ऐकून घेतलं आणि दोरा तोडला. शुक्रवारी शकीलभाई मला जिन्यात म्हणाले, की पेनड्राइव्ह वहिनी घेऊन गेल्या, मशीन बंद ठेवून दुपारभर उद्याचा सिनेमा बघत होत्या.

शनिवारी वहिनी काकांच्या दारात उभ्या राहिल्या. मी जिन्यातच होते. काका काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "काका, आदी सांगून ठिवते. भूत हाय, त्येचं काय न्हाई. पन एक म्हातारा दोन ताटं वाढून घेतो. तवा तुमी भायेर बसा. झालं की मी हाक मारते." काकांनी मान हलवली. कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढायला ते आत गेले आणि वहिनी दाराशी थांबून राहिल्या.

त्या संध्याकाळी काका पहिल्या रांगेत बसले. उभं राहून काही सांगितलं नाही. पडद्यावर म्हातारा चुलीजवळ गेला तसा वहिनींनी मागून त्यांच्या खांद्याला हात लावला. काका उठून बाहेर गेले आणि पायरीवर बसले. मी दाराजवळच्या खुर्चीवर होते, त्यामुळे त्यांची पाठ मला दिसत होती. हात पाठीमागे नव्हते, गुडघ्यांवर होते.

म्हाताऱ्याने दोन्ही ताटं वाढली, एकातलं खाल्लं, दुसऱ्यावर झाकण घातलं. दृश्य बदललं. वहिनी दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी आतूनच हाक मारली, "आवं काका, चला. झालं."

"व्हय, आलो," काका म्हणाले, आणि उठले.