नाना राऊतांची आवक-जावक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी आमच्या वटार गावच्या नाना राऊतांचं नाव घेतो. त्यांनी मला आजवर पाच कारणे दाखवा नोटिसा दिल्या आहेत.

भारताच्या सलामीवीराला त्यांनी अकरा दिल्या. पण त्याच्यावर त्यांचे उपकार आहेत की नाही, ते मला सांगता येणार नाही.

नाना ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत पस्तीस वर्षं कारकून होते. कोण उशिरा आला, कोणाची रजा विनापरवानगी, कोणाची वेतनवाढ रोखायची, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. निवृत्त होताना लोक नारळ आणि शाल घेऊन घरी येतात. नाना शाखाच घरी घेऊन आले. ओटीवर टेबल, टेबलावर आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या, लाल पेन, आणि शिक्क्याचं पॅड. शिक्का नाही, कारण त्यावर काय कोरायचं हे अजून ठरलेलं नाही.

आता शाखा आहे म्हटल्यावर कर्मचारी हवेत. घरात एकट्या काकी. त्यांना पहिल्याच महिन्यात आमटी पातळ झाल्याबद्दल नोटीस मिळाली. काकींनी ती वाचली, तिच्यावर सुकट निवडली आणि नानांच्या समोरच केरात टाकली. त्यानंतर नाना क्रिकेटकडे वळले.

सामना लागला की ते हातात लाल पेन घेऊन टीव्हीपुढे बसतात. इतर लोक धावा मोजतात, नाना कसूर मोजतात. सामना संपला की सकाळी नोटीस तयार. "विषय: ऑफ स्टंपबाहेरील चेंडूस विनाकारण बॅट लावण्याच्या सवयीबाबत. संदर्भ: याच विषयावरील यापूर्वीची तीन पत्रे." खाली मजकूर, आणि शेवटी ते वाक्य, जे मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल: "सात दिवसांत लेखी खुलासा न आल्यास आपणास काही म्हणायचे नाही असे गृहीत धरण्यात येईल."

मग जावक क्रमांक टाकायचा, पाकिटावर क्रिकेट मंडळाचा पत्ता लिहायचा आणि स्वतः चालत जाऊन पोस्टात टाकायचं. पोस्टाच्या पेटीवर त्यांचा विश्वास नाही. ते खिडकीतून हातात देतात.

रविवारी संध्याकाळी देवळासमोरच्या कट्ट्यावर आमच्या गावची क्रिकेटतज्ज्ञांची बैठक भरते. तिथे भारताचा प्रशिक्षक बदलायला चहा निवण्याइतका वेळ पुरतो. ज्याला स्वतःची स्कूटर वेळेवर सर्व्हिसिंगला टाकणं जमत नाही, तो तिथे मधली फळी मोडून नवी बांधतो. आमच्या गावच्या संघाचा कप्तान ऑल्विन यात सगळ्यात पुढे. एकदा भारत हरला तेव्हा तो म्हणाला, "कोचला काढा, मॅटर खतम."

"असं काढता येत नाही," नाना म्हणाले. "आधी नोटीस. मग खुलासा. मग सुनावणी."

"आणि मग?"

"मग काढायचा."

नानांच्या फायलीत भारताचे बरेच प्रशिक्षक असे रीतसर गेलेले आहेत.

आता माझ्या नोटिसा. माझे बाबा लोकांच्या वाड्यांत पानवेलींना पाणी घालायचे. आमच्या घरात बारावीपर्यंत जाणारा मीच पहिला, आणि बारावीनंतर काय असतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नानांनी मला बाबांच्या देखत विचारलं, "पुढचा अर्ज कुठे आहे?" अर्ज नव्हताच. दुसऱ्या दिवशी ते कामाची किरकोळ रजा टाकून माझ्याबरोबर कॉलेजात आले आणि दिवसभर रांगेत उभे राहिले. माझं नाव यादीत लागेपर्यंत त्यांनी खिडकीपलीकडच्या माणसाच्या तीन चुका काढल्या होत्या.

पहिल्या वर्षी मी दोन विषयांत नापास झालो, तोवर नाना निवृत्त झाले होते. चौथ्या दिवशी नोटीस आली. दोन गल्ल्या पलीकडून, पण पोस्टाने. मी रात्रभर बसून खुलासा लिहिला. तो लाल होऊन परत आला, शेरा होता: "खुलासा असमाधानकारक. कारण दिले आहे, जबाबदारी घेतलेली नाही." मी पुन्हा लिहिला. दर वर्षी एक नोटीस, आणि नोकरीच्या मुलाखतीत गडबडलो त्याची एक, अशा चार नोटिसांना उत्तरं देता देता मी पदवीधर झालो आणि नीट मराठीही लिहायला लागलो. आज विमा कंपनीच्या कचेरीत माझ्या ड्राफ्टिंगची तारीफ होते, तेव्हा मला ते लाल पेन दिसतं. लग्नानंतर मी मनवेलपाड्याला राहायला गेलो, पण दर रविवारी नानांच्या ओटीवर हजेरी लावायचो.

खरी पंचाईत झाली ती नाना गावच्या संघाचे प्रशिक्षक असल्यामुळे. त्यांना कोणी नेमलं, हे कोणालाच आठवत नाही. नेमणुकीचं पत्र मात्र त्यांच्याकडे आहे, त्यांच्याच अक्षरात.

तीन वर्षं आमचा संघ कळंबच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरत होता. कारण सरळ होतं. नाना फलंदाजीचा क्रम सेवाज्येष्ठतेने लावायचे. संघात जो आधी आला तो आधी बॅटिंगला. त्यामुळे आमची सलामी पंचेचाळिशी ओलांडलेला पास्कल करायचा, ज्याला पळताना गुडघा धरावा लागतो, आणि अंगणातून चेंडू चिंचेवर मारणारा आमचा सगळ्यात तडाखेबंद पोरगा दहावा यायचा, कारण तो मागच्या दिवाळीत संघात आला होता. गोलंदाजीही पाळीपाळीने. "त्याच्यावर अन्याय नको," नाना म्हणायचे. कोणावर, ते विचारायची सोय नव्हती.

यंदा आम्ही चौतीस धावांत आटोपलो. त्या संध्याकाळी कट्ट्यावर ठरलं, नानांना काढायचं. भारताच्या प्रशिक्षकाला दर आठवड्याला घरी पाठवणारी ती सगळी शूर मंडळी, पण पाचशे पावलांवरच्या ओटीवर जाऊन हे सांगायला एकही उठेना. ऑल्विनला अचानक घरच्या लाडीनची, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची, वेळ झाल्याचं आठवलं. जाता जाता तो मला म्हणाला, "दिनेश, तू लिही ना पत्र. तू ग्रॅज्युएट आहेस."

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो नाही. ज्या माणसाने मला पत्र लिहायला शिकवलं, त्यालाच काढण्याचं पत्र मी लिहिलं, आणि तेही चांगलं लिहिलं. "प्रदीर्घ सेवा", "ऋणी", "नव्या पिढीला संधी", सगळे गुळगुळीत शब्द घातले.

ओटीवर नेऊनही मीच दिलं. नानांनी ते उभ्यानेच वाचलं. मग टेबलाशी बसले, चष्मा लावला आणि लाल पेन उघडलं.

"जावक क्रमांक नाही," ते म्हणाले. "म्हणणं मांडायची संधी दिलेली नाही. 'ऋणी'नंतर स्वल्पविराम कशाला?"

"नाना, मी पोरांना सांगतो, की..."

"पत्र आलंय ना? मग नोंद करू दे."

त्यांनी आवक नोंदवही उघडली. इतक्या वर्षांत मी ती बंदच पाहिली होती. जावकचा तिसरा खंड चालू होता, क्रमांक सहाशेच्या पुढे. आवकच्या पहिल्याच पानावर फक्त चार नोंदी होत्या. चारही माझ्या. पहिला खुलासा, दुसरा, तिसरा, चौथा. खाली कोरं पान, आणि पुढची सगळी वही कोरी.

त्यांनी सावकाश पाच आकडा घातला, माझं नाव लिहिलं, विषयाच्या रकान्यात "पदमुक्ती" लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली.

मी निघालो तेव्हा काकी पायरीपर्यंत आल्या. "पोस्टमन यायच्या वेळेला रोज दारात उभे असतात रे," त्या म्हणाल्या. "विजेचं बिल आलं तरी पाकीट जपून कापतात."

त्यानंतर सलग तीन रविवार मी वटारला गेलो नाही. पहिल्या रविवारी डोकं दुखत होतं, दुसऱ्या रविवारी पाहुणे होते, तिसऱ्या रविवारी कारणच सापडलं नाही, तरी गेलो नाही. चौथ्या आठवड्यात मनवेलपाड्याच्या पत्त्यावर पाकीट आलं. विषय: सलग तीन रविवार विनापरवानगी गैरहजर राहिल्याबाबत. मजकूर चार ओळींचा. प्रशिक्षकपदाचा उल्लेख नाही. शेवटी नेहमीचं वाक्य, की खुलासा न आल्यास आपणास काही म्हणायचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.

बायको म्हणाली, फोन करा ना. मी कागद घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी पत्र पोस्टाच्या खिडकीतून हातात दिलं. ते असं होतं:

प्रति,
श्री. नाना राऊत,
वटार.

विषय: गैरहजेरीबाबत खुलासा.
संदर्भ: आपली पाचवी नोटीस.

महोदय,

मी तीन रविवार आलो नाही, कारण मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. आपल्या पदमुक्तीचे पत्र मी लिहिले. पोरांनी सांगितले हे कारण झाले. जबाबदारी माझी आहे.

माहितीस्तव कळवतो की नव्या प्रशिक्षकाच्या, म्हणजे ऑल्विनच्या, पहिल्याच सामन्यात संघ एकोणतीस धावांत आटोपला. कट्ट्यावर याबाबत कोणीही लेखी काही दिलेले नाही. पास्कलला संघातून वगळले आहे. तो आता सीमारेषेबाहेर खुर्ची टाकून बसतो आणि त्याचे म्हणणे कोणीही ऐकून घेतलेले नाही. आपण असतात तर ऐकले असते.

येत्या रविवारी सकाळी समक्ष सुनावणीसाठी ओटीवर हजर राहतो. हा खुलासा असमाधानकारक वाटल्यास लाल करून परत पाठवावा, मी पुन्हा लिहीन. यापुढे एखादा रविवार चुकला, पत्राला उशीर झाला, किंवा टपालात काही गहाळ झाले, तरी मला आपणास काही म्हणायचे नाही असे कृपया गृहीत धरू नये.

आपला,
दिनेश

प्रत: काकींना, दोन कप चहाच्या माहितीसाठी.