कपाटातली किंकाळी

नावाची हाव नाही मला. पण जी किंकाळी ऐकून अख्ख्या थेटराने चपला सोडून धूम ठोकली, ती माझी होती, हे एकदा तरी पडद्यावर यायला नको? तेव्हा मी स्टुडिओच्या शिवणखात्यात होते. नायिकेचा घसा बसला, म्हणून मला माइकपुढे उभं केलं. नाव लागलं तिचं! तेव्हापासून जो उठतो तो तसलाच भुताचा सिनेमा काढतो. तोच पांढरा झगा, तोच करकरणारा जिना आणि माझी किंकाळी! (मेल्यांनो, जिना तरी दुसरा घ्या.)

यंदा आमचे जावईबापूही त्याच वाटेला लागले. मी ठणकावलं, "नक्कलच करायची तर अस्सल माल घरात आहे. पण नाव लागलं पाहिजे."

"लागेल की, आई," असं म्हणून त्यांनी मला बेडरूमच्या कपाटात उभं केलं. आत आवाज घुमत नाही म्हणे. भोवती रजया, नवऱ्याचे कोट, डांबरगोळ्यांचा वास आणि नाकाशी माइक. दार लागलं. मी जीव ओतून किंचाळले.

बाहेरून रेकॉर्डिंग करणारी हेडफोनवाली पोरगी म्हणाली, "छान, आजी. पण जुन्या सिनेमाची नक्कल आहे, हे लगेच कळतं."

"अगं, त्यात मीच किंचाळले होते!"

"असं सगळ्याच सांगतात. त्या किंकाळीला धार होती हो."

माझं डोकंच फिरलं. तडक बाहेर यायला गेले, तर दार अडकलेलं! मग मी त्या पोरीच्या कानांचा, जावयाच्या अकलेचा आणि आजवरच्या तमाम नकलाकारांचा असा काही उद्धार केला, की शेजारीण धावत आली. आमचे हे मात्र बाहेरच्या खोलीतून शांतपणे म्हणाले, "घाबरू नका. चष्मा सापडत नसेल तिला."

शेवटी सुताराने दार उचकटलं.

सिनेमा लागला. मी पहिल्याच खेळाला पुढच्या रांगेत. भुताने तोंड उघडलं आणि किंकाळी आलीच नाही! आलं ते माझं कपाटातलं भांडण, घुमवून घुमवून. लोक खुर्च्यांना चिकटले. मागचा एकजण कुजबुजला, "असलं भूत आजवर ऐकलं नव्हतं."

"मी रोज ऐकतो," शेजारी बसलेले हे पुटपुटले.

तरी माझी छाती फुगली. नावं सुरू झाली तशी मी चष्मा पुसून सरसावून बसले. आलं! 'भुताचा आवाज: दिग्दर्शकाच्या सासूबाई.'

आणि त्याच्याखाली, 'कपाटाबद्दल विशेष आभार', पुढे ह्यांचं नाव. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं काही!