सदतीसचा हट्ट

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह राज्य करत होता. म्हणजे दिवसभर झोपा काढत होता. कारभार प्रधान कोल्हा पाहायचा. हे दोघे सोडले तर रयत सदतीस.

हा आकडा साळूबाई साळिंदरीला पक्का ठाऊक होता. रोज संध्याकाळी पाणवठ्यावर तीच हजेरी घ्यायची. एकेक जनावर पाणी पिऊन गेलं की चिखलात आपला एक काटा खोचायची. काटे कमी भरले की सगळी रयत रानभर शोधत सुटायची. त्यामुळे सिंहाला घरच्या रयतेला तोंड लावायची सोय नव्हती. बिचाऱ्याला शिकारीसाठी शेजारच्या रानात तंगडतोड करावी लागे.

राजाच्या वाढदिवशी कोल्ह्याने फर्मान काढलं. रयतेने सारख्या रांगा करून सलामी द्यावी. जो उरेल त्याने शिस्त मोडली असं समजून महाराज त्याची न्याहारी करतील.

दोन रांगा केल्या, एक ससा उरला. तीन केल्या, तरी ससाच. चार केल्या, सहा केल्या, पुन्हा आपला ससाच. शेवटी उभा राहायची सवय, दुसरं काय? पण रयत म्हणू लागली, खोट सशातच आहे, मेला पहिल्यापासूनच आगाऊ.

साळूबाईने मनाला बजावलं, गप्प बस. पण जीभ कसली ऐकते?

"महाराज, सशाची चूक नाही," ती म्हणाली. "सदतीस ही मूळ संख्या आहे. सगळे एकाच रांगेत उभे राहू, नाहीतर सदतीस जण सदतीस ठिकाणी. मधलं काही जमायचं नाही."

"आमच्या राज्यात?" सिंहाने विचारलं. "आम्हाला न विचारता?"

कोल्हा म्हणाला, हा संख्येचा माज आहे आणि तो या बाईनेच चढवलाय. रयतेने माना डोलावल्या. सशाने सगळ्यांत जोरात डोलावली. साळूबाईला ते फार लागलं.

खायला काटे फार, म्हणून तिला ओढ्यापलीकडे तडीपार केलं. आणि काय चमत्कार सांगू! उरलेले छत्तीस दोन रांगांत बसले, तिनांत बसले, चार, सहा, नऊ, बारा, अगदी अठरा रांगांतही बसले. कशीही वाटा, रयत वाटली जाते, म्हणून राजा खूश. आपण उरलो नाही, म्हणून रयत खूश.

हजेरी आता कोल्ह्याकडे आली. तो डोळे मिटून सांगायचा, "छत्तीस, महाराज." सिंहाने शेजारच्या रानात जाणं सोडलं.

पलीकडच्या काठावर साळूबाई रोज काटे खोचत होती. पस्तीस. चौतीस. एकतीस भरले त्या दिवशी तिने हाका मारून मारून घसा बसवला. ससाच उलटून म्हणाला, तडीपारांनी आमच्या हजेरीत नाक खुपसू नये. दुसऱ्या दिवशी काटे तीस भरले आणि ससा काही दिसला नाही. साळूबाई त्याच्यासाठी रडली. आता हिला काय म्हणावं?

शेवटी पाणवठ्यावर एकटा कोल्हा उभा राहिला.

"किती?" सिंहाने विचारलं.

"छत्तीस, महाराज."

"मग तू सदतिसावा," सिंह म्हणाला. "रांगेत बसत नाहीस."

तात्पर्य: सदतीसला एक आणि सदतीस सोडून कशानेही भाग जात नाही, हे नीट पाठ करा, बाळांनो. मात्र उत्तर लिहिण्याआधी पेपर कोण तपासणार आहे ते पाहून घ्या.