काचेच्या कोपऱ्यातली पोरगी

माझं निळं लुगडं बाभळीला अडकून फाटलं, तेव्हा चिंतामणभाऊंनी मला दुसरं आणून दिलं. तसंच निळं, तसेच काठ. त्यासाठी ते चांद्याच्या बाजारात दोन दिवस फिरले. विधवेला परक्या पुरुषानं लुगडं घेतलं म्हणून आमच्या आळीतल्या बाया आठ दिवस कुजबुजत होत्या. मी त्यांना कारण सांगितलं असतं, पण कुणाला पटलं नसतं.

"गिरजाबाई, मागच्या साली लोकायनं तुमाले निळ्या लुगड्यात पाह्यलं," भाऊ म्हणाले होते. "यंदा लाल नेसून बसल्या तर बायांले कसं समजन, कुठी बसाचं ते? तुमी बी एक काचच आहा."

मी म्हटलं, "काच असती तर तुमी मले पेटीत कापूस लावून ठेवलं असतं. गाडीत दगडांवरून आदळत नेलं नसतं."

त्यावर ते हसले नाहीत. काचांच्या बाबतीत ते कधीच हसत नसत.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही तिघं, म्हणजे चिंतामणभाऊ, मी आणि गाडीवान शिवा, एका सरकारी खात्याच्या नोकरीत होतो. अहेरीपासून एटापल्लीपर्यंत जंगलातल्या गावांत बैलगाडीनं फिरायचं आणि हिवताप, देवी, खरूज यांच्यापासून कसं वाचायचं ते चित्रांनी दाखवायचं. यंत्रात दिवा, दिव्यापुढे रंगवलेली काच आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर बैलाएवढं चित्र. मॅजिक लँटर्न म्हणत त्याला. भाऊ काचा रंगवत आणि दाखवत. मी चौथी शिकलेली. मी बायांत बसून चित्राचा अर्थ सांगे.

भाऊंच्या काचांचे कायदे होते. प्रत्येक काचेला चहूबाजूंनी निळी किनार, झाडूच्या काडीनं मोजलेली. अक्षरं पांढरी, एकाच उंचीची. खाली ठिपके: एक ठिपका हिवतापाचा, दोन देवीचे, तीन खरजेचे. आणि उजव्या कोपऱ्यात एक पोरगी. सहा वर्षांची, लाल परकर, एक वेणी, पुढचा एक दात पडलेला. तिचा हात उजवीकडे असला की गोष्ट पुढे आहे. ती पाठमोरी असली की आता दुसरी गोष्ट. ती बसलेली असली की खेळ संपला, घरी जा. गोंडी, तेलुगू, मराठी, कुणाला काहीही बोलता येवो, पोरगी सगळ्यांना समजे.

"पाहणारा हरवला नाई पायजे," हे त्यांचं वाक्य. दिवसातून दहा वेळा. एका लग्नात वाढप्यानं पहिल्या पंगतीत मीठ पानाच्या डाव्या बाजूला वाढलं आणि दुसऱ्या पंगतीत उजव्या. भाऊ पानावरून उठले. "लोकं हरवतेत अशानं," म्हणाले. नवरदेवाचा बाप हात जोडून मागे धावला. त्याला वाटलं, हुंड्याचं काही बिनसलं.

हे सगळं हसण्यासारखं होतं. पण ती पोरगी नव्हती हसण्यासारखी. भाऊ तिला समोर नमुना न ठेवता काढत. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, मान खाली, श्वास बंद. मी एकदा दोन काचा एकमेकींवर ठेवून उन्हात धरल्या. दोन पोरी नव्हत्याच. एकच होती. दातातली फटसुद्धा एकीत एक बसली. मी काचा चटकन खाली ठेवल्या आणि हात लुगड्याला पुसले.

आणखी एक. पडदा ते असा लावत की गावाबाहेर जंगलात जाणारी वाट उजव्या अंगाला येईल. खेळ सुरू झाला की पोरीचं बोट त्या वाटेकडे. समोर बसलेली लेकरं बोट दिसलं की माना वळवत आणि अंधारात बघत बसत. प्रत्येक काचेला सगळ्या माना एकदम वळत. मी रोज बघायची, तरी माझीही मान वळे.

पोरगी कोण होती हे आम्हाला माहीत होतं. भाऊंची सुमन. खात्यात येण्याआधी भाऊ एटापल्लीच्या पलीकडे बांबूच्या ठेकेदाराचे मुनशी होते. त्यांचं मूळ गाव ब्रह्मपुरीकडचं. एका दुपारी बाप-लेक नदीकडे निघाले. पोरगी झाडाखाली पडलेली टेंभराची फळं वेचत मागे राहिली. पुढे दोन वाटा फुटत होत्या. भाऊंनी डहाळी मोडून आपण घेतलेल्या वाटेवर आडवी टाकली. त्यांच्या गावाकडे याचा अर्थ, मी इकडून गेलो, ये. पण सुमन त्या जंगलातल्या लेकरांबरोबर वाढलेली. तिथे आडवी डहाळी म्हणजे वाट बंद. शहाणी पोर, दुसऱ्या वाटेनं गेली. भाऊ नदीवर ऊन कलेपर्यंत वाट बघत बसले. पोरगी मिळाली नाही, कापडाची चिंधीसुद्धा नाही. बायको ब्रह्मपुरीला माहेरी गेली ती परत आली नाही.

भाऊंना एकच आशा होती. कुठल्या तरी गावात, कुठली तरी बाई पडद्याकडे बघून म्हणेल, ही पोर मी पाहिली आहे. म्हणून काचेत काडीचाही फरक चालायचा नाही. मी एकदा तोंडावर म्हटलं, "भाऊ, सात वर्षं झाली. पोरगी आता तेरा वर्षांची असन. दात आला असन तिचा. कोण ओळखन?"

त्यांनी नवी काच घेतली आणि पोरगी काढली, दात पडलेलीच. मी खरं तेच बोलले होते. तरी बोलायला नको होतं.

मग नागपूरहून नवा साहेब आला. त्यानं छापील काचांची एक पेटी पाठवली. सुंदर रंग, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं. किनार नाही, ठिपके नाहीत, पोरगी नाही. हुकूम असा की हिवतापाच्या मधल्या पाच काचा नव्या दाखवा, बाकी जुन्या राहू द्या. पुढे हळूहळू सगळ्याच बदलू, आणि कोपऱ्यातली पोरगी विनाकारण आहे, तीही मग जाईल. भाऊंनी हुकूम दोनदा वाचला. नोकरी सोडली तर यंत्र जाणार, यंत्र गेलं तर पोरीला गावोगाव नेणार कोण? म्हणून त्यांनी हुकूम पाळला.

नव्या काचांचा पहिला खेळ त्याच जंगलातल्या एका गावात होता. दोन वाटा फुटत होत्या तिथून कोसभर. दिवस नुकता बुडाला होता. पहिल्या काचा नीट गेल्या, माना नीट वळल्या. मग नवी काच आली. मच्छरदाणीत झोपलेला गोरापान माणूस. लेकरांनी कोपरा बघितला. दुसरी नवी काच. लेकरं उठून उभी राहिली.

"पोरगी कुठी गेली?" एकानं विचारलं. मोठी माणसं हसली. तिसऱ्या काचेला बाया मला विचारू लागल्या, "पोरगी कुठी गेली, बाई?" चौथ्या काचेला कुणी हसत नव्हतं. दोघी जणी उठून पडद्यामागे बघून आल्या. सगळा जमाव एकाच आवाजात, हळू आवाजात, तेच विचारत होता.

भाऊंनी दिव्यावर झाकण टाकलं. काळोख झाला. काळोखात ते म्हणाले, "हरवली."

बायांत रुपी नावाची एक म्हातारी होती, गावाची मोठी. तिला मोडकं मराठी येई. ती म्हणाली, "बाबू, चित्र आहे ते आमाले समजते. खरी पोरगी कोणाची?"

"माही."

"कधी हरवली?"

"सात वर्सं झाली. त्या दोन वाटांपाशी."

"गावाले सांगतलं?"

"नाई. अहेरीले ठाण्यात सांगतलं."

"ठाणं जंगलात राह्यते का?" रुपी म्हणाली. "पोरगी हरवली तर गाव निंगते. तू आमाले सांगतलंच नाई. काऊन?"

 भाऊ मुनशी माणूस, त्या काळी जंगलातल्या माणसांना भीत होते, हे त्यांनी मला पुढे सांगितलं.

रुपीनं गोंडीत काहीतरी म्हटलं. कुणी ढोल आणला, कुणी पलिते पेटवले. "नाव काय?" तिनं विचारलं. भाऊंच्या आधी मीच सांगितलं. सगळं गाव हातभर अंतरानं एका ओळीत उभं राहिलं आणि जंगलात शिरलं. चार पावलं, ढोल, हाक. चार पावलं, ढोल, हाक. "सुमन!" म्हातारे, लेकरं, कडेवर पोर घेतलेल्या बाया. ढोल थांबला की सगळे ऐकत. मला ते ऐकणं सोसत नव्हतं. एकदा लांबून काहीतरी बारीक आवाज आला. पाखरू असेल. पण सगळी ओळ एकदम थांबली होती, आणि भाऊंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

सुमन सापडली नाही. सापडणार नव्हतीच, हे त्या ओळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी कुणी मध्ये परतलं नाही.

सकाळी शिवानं बैल जुंपले. पुढच्या गावाचा खेळ ठरलेला होता, आणि भाऊ ठरलेला दिवस कधी चुकवत नसत. तेवढ्यात रुपी आंबिलीचं भांडं घेऊन आली. ते भाऊंच्या हातात देऊन म्हणाली, "आज नदीच्या अंगानं पाहू. तिकडं राह्यलं."

भाऊ आंबील प्यायले. मग शिवाला म्हणाले, "बैल सोड."

आम्ही तिथे आणखी दोन दिवस राहिलो. साहेबाला मी कळवलं की एक बैल लंगडतो आहे. बैल दोन्ही धडधाकट होते. दोन दिवस हाका मारून माझा घसा असा बसला की पुढच्या गावात बायांना हातवारे करूनच सगळं सांगावं लागलं.