हौशी गटातल्या एकट्या डॉक्टरबाई

बुद्धिबळाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांत हौशी कोण आणि व्यावसायिक कोण, हे वेळीच ठरवलं नाही तर समाजात गोंधळ माजतो. विश्रामबागेतल्या आमच्या स्पर्धेत समितीने तो मुळीच माजू दिला नाही. (मी समितीचा चिटणीस.) या स्पर्धेत प्रोग्राम एकमेकांशी खेळतात, माणसं शेजारी बसून नखं खातात.

वडूजच्या दातांच्या डॉक्टर शिवांजली यांनी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, चार वर्षं खपून 'अक्कलदाढ' नावाचा प्रोग्राम लिहिला होता. पुण्याच्या कंपनीत हेच काम करणाऱ्या वीरधवलच्या 'सेनापती'शी तो एकदा भिडावा, एवढ्यासाठी त्या दवाखाना बंद ठेवून आल्या होत्या.

अध्यक्ष नाथाजींनी विचारलं, "प्रोग्राम हरला तर काय म्हनाल?"

"माझं चुकलं म्हणेन."

"हौशी," नाथाजी म्हणाले.

वीरधवल म्हणाला, "नेट स्लो होतं म्हणेन." तो व्यावसायिक.

हौशी गटात बाई एकट्याच. त्यामुळे 'अक्कलदाढ' स्वतःशीच खेळली. डाव बरोबरीत सुटला, म्हणून पहिला क्रमांक राखून ठेवून बाईंना दुसरा दिला. त्यांचा चेहरा पडला. (दुसऱ्या क्रमांकाचा पडतोच.)

चहाच्या सुट्टीत वीरधवल आपणहून लॅपटॉप घेऊन त्यांच्याशेजारी बसला. चहा निवायच्या आत 'सेनापती'वर मात झाली. वीरधवलने चक्क टाळी वाजवली.

"डॉक्टर, वजीर सरळ सोडून दिला त्यानं! हे तुम्ही त्याला शिकवलंत कसं?"

चार वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. बाई चहा विसरून सांगत सुटल्या.

समितीची तातडीची बैठक झाली. व्यावसायिकाला हरवणारी व्यक्ती हौशी असूच शकत नाही. सबब बाईंचं बक्षीस रद्द. हरून आनंद होणारा माणूस व्यावसायिक असूच शकत नाही. सबब हौशी गटाचा करंडक वीरधवलला.

"काका, बक्षीस राहू द्या," बाई नाथाजींना म्हणाल्या, "आम्हाला अजून एक डाव लावू द्या."

"न्हाई जमायचं, ताई. हॉलमधी साखरपुडा हाय."

दोघं बाहेर पायऱ्यांवर बसून खेळत राहिले. पाहुणे त्यांना ओलांडून आत जात होते. करंडकात कुणीतरी गुलाबाच्या पाकळ्या ठेवल्या.

समितीत एकही जाणकार नव्हता, असं तुम्ही म्हणाल. जाणकारांना रीतसर बोलावलं होतं, तुम्हालाही. "फुकटात यायला मी काय हौशी आहे?" हे उत्तर तुमचंच.