हिलालआप्पांचा डबा

हिलालआप्पांच्या खिशात पेन नसतं, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर असतो. लिंबायतमध्ये मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा नाव-गाव विचारण्याआधी त्यांनी माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण मोजलं. सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर घालवलेला माणूस; 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. मी एकदा म्हणालो, "पावसाळ्यात खाडीचं पाणी घरात गुडघाभर येतं म्हणे." तर म्हणाले, "कोना गुडघा? मापमा बोल, भाऊ!"

यंदा चैत्रात त्यांनी थेंबभर पाणी शिरणार नाही असा डबा करायला घेतला. भंगारातला जाड पाइप, खाली पक्कं बूड, वर चार बोल्टांचं झाकण आणि झाकणातल्या खाचेत रबराची ओ-रिंग. पहिली खाच त्यांनी अगदी रिंगेच्या मापाची पाडली. रिंग इतकी चपखल बसली की आप्पा गल्लीभर दाखवत फिरले. पिंपात बुडवला, तर डबा अर्धा भरला. रिंग खाचेच्या वर डोकावतच नव्हती, मग दबणार काय? दुसरी खाच उथळ केली. रिंग वर आली, पण आता झाकणच मिटेना. दोन दिवस आप्पा रिंग चिमटीत दाबून बघत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच माझं दार वाजलं. "रबर दबस, पन आटस नही! त्याले बाजूले सरकाले जागा लागस."

मग खाच उथळच ठेवली, पण थोडी रुंद केली. डब्यात वर्तमानपत्र घालून तो दगडाखाली पिंपात बुडवला. दुसऱ्या दुपारी, खरं सांगतो, बोल्ट मीच घाईघाईने सोडवले. पेपर ठणठणीत कोरडा!

"आता घराची कागदपत्रं ठेवा यात," मी म्हणालो.

"त्या तं खुटीले पिशवीमा शेतस," म्हणत आप्पांनी फळीवरून एक कापडी पुडकं काढलं. आत ज्वारीच्या बिबड्या. बिबडी म्हणजे आमच्या खानदेशातली पापडाची जाडजूड बहीण. आप्पांच्या बायकोने, काकूंनी, गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या. पावसाळ्यात खाडीच्या पाण्याने अर्ध्याअधिक नासल्या, तेव्हा काकू हसून म्हणाल्या होत्या, "पुढला साल नव्या करसूत." दिवाळीत काकूच गेल्या.

आप्पा एकेक बिबडी हलक्या हाताने डब्यात रचत होते. मी पुडकं धरून उभा होतो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आप्पा, खायच्या कधी?"

बोल्ट आवळता आवळता ते म्हणाले, "वरीसले एक. बारा शेतस. माले पुरी जातीन."